खिशातला कागद

माझ्याकडं एक जुनी रेक्झिनची पिशवी आहे. तीत शेताचे उतारे, सोसायटीच्या पावत्या, लाईटबिलं, डाळिंबाच्या पट्ट्या असं सगळं कोंबलेलं असतं. त्यातच चार घड्या घातलेला एक कागद आहे. घडीवर फाटायला आलाय. तो कागद माझा नाही. ज्याचा होता त्याला मी तो दिला नाही. का दिला नाही ते मला माहीत आहे, पण न देण्यात माझा गुन्हा किती आणि तो आता फिटला का, हे काही केल्या उमगत नाही. म्हणून लिहायला बसलोय. मी शिकलो दहावीपर्यंत, तेव्हा शास्त्रातलं काही सांगता येणार नाही. घडलं तसं सांगतो.

आमचं गाव आटपाडी तालुक्यात, सांगली जिल्ह्याच्या पूर्वेच्या टोकाला. सांगली म्हटलं की बाहेरच्या माणसाला कृष्णाकाठचा ऊस दिसतो. आमच्या वाट्याला बाभळी, मेंढरं आणि आभाळाकडं बघत बसणं. १९७२ साली मी बारा वर्षांचा होतो. दुष्काळ पडला म्हणजे काय झालं हे आता नातवंडांना सांगायला गेलं तर त्यांना ती गोष्ट वाटते. विहिरीच्या तळाला वाटीनं पाणी भरायचो. रेशनला अमेरिकेतनं आलेला तांबडा मिलो मिळायचा. त्याची भाकरी थापतानाच मोडायची आणि घशाखाली उतरायची नाही, तरी उतरवायची.

गावाच्या खालच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं होतं. आई, चुलती, शेजारणी सगळ्या तिकडं. शाळा सुटली की मीही जायचो आईचं घमेलं उचलू लागायला, आणि खरं सांगायचं तर सुकडीसाठी. त्या सुकडीची गोड चव अजून जिभेवर आहे. त्या कामावर मी पहिल्यांदा एक गोष्ट बघितली. ज्यांच्या घरात आम्ही कधी उंबऱ्याच्या आत गेलो नव्हतो, त्या घरच्या बायकाही डोक्यावर पदर ओढून त्याच रांगेत माती वाहत होत्या. मुकादम हजेरी घ्यायचा तेव्हा कुणाचं नाव आधी, कुणाचं नंतर, असं काही नव्हतं.

त्याआधी आई एका बागायतदाराच्या रानात खुरपायला जायची. विहिरीवर त्याचं थोडंफार हिरवं अजून होतं. आई तलावावर जायला लागल्यावर तो दारात येऊन म्हणाला, "सरकारच्या मातीवर गेलीस तर माझ्या बांधावर पुन्यांदा पाय ठेवायचा न्हाई." आई चूल सारवत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "पाय ठेवाय बांध तरी कुठं ऱ्हायलाय, दादा?" आणि सारवत राहिली. मला त्या वेळी आईचा भारी अभिमान वाटला होता. पुढं पंचेचाळीस वर्षांनी त्या दारातल्या माणसाच्या जागी मी उभा असेन, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी दगड मारला असता.

रोजगार हमीची कल्पना आमच्याच जिल्ह्यात रुजली. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ साली ती करून बघितली. बहात्तरच्या दुष्काळात राज्यभर कामं निघाली, १९७७ ला विधिमंडळानं कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. दुष्काळी कामं तर त्याआधीही निघायची, ब्रिटिशांच्या काळातही निघायची. पण ती सरकारच्या मर्जीवर. कायद्यानं फरक एवढाच केला की खेड्यातल्या सज्ञान माणसानं अंगमेहनतीचं काम मागितलं की ते द्यायलाच पाहिजे. पंधरा दिवसांत नाही दिलं तर भत्ता द्यायचा. मागणाऱ्याचा हात वरचा झाला. पैसा कुठून आणला? तर शहरातल्या नोकरदाराच्या पगारावर १९७५ साली व्यवसाय कर बसवून. माझा जावई पुण्यात नोकरीला आहे. त्याच्या पगाराच्या चिठ्ठीत महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतात. तो दर वर्षी विचारायचा, हे कशाचे? मी एकदा सांगितलं, तुझ्या आजेसासूच्या घमेल्याचे. त्याला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

मी दहावी झालो १९७६ साली. दहावी झालेल्या पोराला तेव्हा गावात मान होता, फक्त नोकरी नव्हती. जिल्ह्याच्या गावाला जाऊन सेवायोजन कार्यालयात नाव घातलं. एक कार्ड मिळालं. ते मुदतीत नव्यानं करून आणायचं, त्यासाठी एसटीचं भाडं खर्चायचं. सात-आठ वर्षं केलं. एकदाही बोलावणं आलं नाही. शेवटी लग्न झालं, बैलं घेतली आणि ते कार्ड बायकोनं दुधाच्या हिशेबाला वापरलं.

आमच्या भागातल्या पोरांना खरं काम दिलं ते गलाईनं. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा हा धंदा. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळकडची माणसं त्यासाठी हिंदुस्थानभर गेलीत. कोईमतूरला जा, केरळात जा, कलकत्त्याला जा, सराफ कट्ट्याच्या बोळात शेगडीसमोर बसलेला माणूस तुमच्याशी विट्याच्या मराठीत बोलेल. कुठली सरकारी योजना नाही, कुठलं प्रमाणपत्र नाही. चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं मामाबरोबर जायचं, दुकान झाडायचं, कोळसा घालायचा, मूस धरायला शिकायचं, तेजाबाचा धूर छातीत घ्यायचा. काही वर्षं नुसतं जेवण आणि कपडे. मग एक दिवस मामाच त्याला दुसऱ्या गावात दुकान टाकून द्यायचा. या धंद्यानं आमच्याकडं माड्या उठवल्या.

पण यात एक मेख आहे. मामा लागतो. ज्याचा मामा कोईमतूरला आहे त्याचं पोरगं कोईमतूरला जातं. ज्याचा मामा दुसऱ्याच्या रानात गडी आहे त्याचं पोरगं दुसऱ्याच्या रानात जातं. गलाईवाले वाईट आहेत असं नाही, माणूस आपल्याच माणसाला हाक मारतो. माझा स्वतःचा मुलगा आयटीआयला कमी पडल्यावर मी मेहुण्याला फोन लावला आणि पंधरा दिवसांत तो रेल्वेत बसला. त्या पंधरा दिवसांत मी सत्रा घरं पालथी घातली असतील. पोराचं भलं कुठं आहे एवढंच डोक्यात.

आता माझ्या गड्याचं सांगतो.

१९९० ला रोजगार हमीशी जोडून फळबाग योजना निघाली. त्यात अनुदान घेऊन मी पुढं डाळिंब लावलं. म्हणजे बघा, मजुराच्या नावानं काढलेल्या योजनेतनं माझ्या बांधावर झाडं उभी राहिली. बाग लागली तशी माणसं लागायला लागली आणि मी गडी ठेवला. तो, त्याची बायको आणि पुढं मोठा झालेला मुलगा, तिघंही माझ्याच वस्तीवर. चांगली माणसं. आमचं कधी वाकडं बोलणं झालं नाही. सणाला त्यांना कपडे केले, दुखण्याखुपण्याला गाडी काढली. त्याच्या मुलीच्या लग्नाला मी चाळीस हजार उचल दिली. उचल म्हणजे आगाऊ पैसे, कामात फेडायचे. कागद केला नाही, माझ्या डायरीत लिहिलं तेवढंच.

मुलगा बारावी नापास. पण हात सोन्याचा. विहिरीवरचा स्टार्टर बंद पडला की मी मेकॅनिकला बोलावणं सोडून दिलं होतं, इतका तो तयार झाला होता. आमच्याकडं शेतीची लाईट पाळीनं, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. थंडीत रात्री दोनला उठून मोटर चालू करायला तोच जायचा. तेल्याच्या भीतीनं फवारणी एक दिवस चुकवून चालत नाही, तीही तोच करायचा. बागेतलं प्रत्येक झाड त्याला ओळखत होतं म्हणा ना.

२०१७ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी तेव्हा ग्रामपंचायतीत सदस्य होतो. तालुक्याला बैठक होती. तिथं एका संस्थेच्या माणसानं कागद वाटले. खेड्यातल्या गरीब घरच्या पोरांसाठी मोफत प्रशिक्षण, दीनदयाळ उपाध्यायांच्या नावाची ती केंद्राची योजना. वायरमनचं काम शिकवणार, राहणं-जेवण फुकट, शिकून झालं की कंपनीत चिकटवून देणार. हमीच्या कामावर जाणाऱ्या घरातलं पोरगं असेल तर त्याला आधी घेणार. मला तिथंच, खुर्चीत बसल्या बसल्या, आमच्या गड्याचं पोरगं डोळ्यांपुढं आलं. हा कागद त्याच्यासाठीच छापलाय असं वाटलं. आणि त्याच दमात दुसरा विचार आला की तोडणी तीन आठवड्यांवर आलीय.

कागद खिशात घातला. घरी आलो. तो गोठ्यात वैरण टाकत होता. "तात्या, उशीर झाला?" म्हणाला. मी म्हटलं, "व्हय, लांबली बैठक." एवढंच.

त्या रात्री मी स्वतःला काय काय सांगितलं ते लिहून ठेवायसारखं आहे. त्याच्या आईला दम्याचा त्रास, तिला कोण बघणार. पोरगं कधी तालुक्याच्या पुढं गेलेलं नाही, शहरात भांबावेल. असल्या संस्था फसव्या असतात. त्यानं मला कधी विचारलंय का, की तात्या काही असलं तर सांगा? आणि मग चाळीस हजार. त्यातले तीसेक अजून फिटायचे होते. पोरगं गेलं तर एकट्या बापाच्या अंगावर किती वर्षं? या सगळ्या गोष्टी खऱ्या होत्या. खोटं मी स्वतःशीही बोललो नाही. पण माझ्या मुलाला रेल्वेत बसवताना यातली एकही गोष्ट मला सुचली नव्हती.

आणखी एक कबूल करतो. दर सुगीला मी ग्रामरोजगार सेवकाला म्हणायचो, जरा दम काढा, तोडणी होऊ द्या, मग कामं काढा. काम मागायला नमुना ४ भरून द्यायचा असतो आणि त्याची पोच नमुना ५ वर घ्यायची असते, हे मला पाठ होतं. पण आमच्या वस्तीवर मी ते कुणाला समजावून सांगितलं नाही. वेळच आली नाही, असं मी म्हणत आलो. कायदा पुस्तकात असतो. पुस्तकापासून गड्याच्या खोपीपर्यंत तो चालत जात नाही, कुणाच्या तरी खिशातनं जातो. आणि खेड्यात तो खिसा बहुतेक वेळा अशाच माणसाचा असतो, ज्याला ते काम पोचलं तर गडी मिळणार नाही. मी काही मोठा जमीनदार नाही. नऊ एकर, त्यातली तीन बाग. भाव पडला तर मीच कर्जात. पण नऊ एकरवाल्याच्या खिशातही माणूस अडवता येतो.

तारीख गेली. तोडणी झाली. भाव बरा मिळाला. मी पोराला नवीन मोबाईल घेऊन दिला आणि तो खूश झाला. ते बघून मला बरं वाटलं नाही.

कायद्यानं वेठबिगारी १९७६ ला बंद झाली, मी दहावी झालो त्याच वर्षी. वेठबिगार म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं साखळदंड यायचे, कुठल्या तरी लांबच्या मुलखातले. उचलीचा कधी त्याच्याशी संबंध लावला नाही. उचल म्हणजे उपकार, असंच आम्ही समजत आलो. ती घेणाराही तसंच समजतो, हीच त्यातली अडचण.

मग २०२० उजाडलं. टाळेबंदी लागली आणि पुण्याकडची पोरं डोक्यावर पिशव्या घेऊन परत यायला लागली. खालच्या वस्तीवरची दोन पोरं त्याच योजनेतनं शिकून गेली होती. त्यातलं एक तर टाळेबंदीच्या आधीच, चार महिन्यांत, परत आलं होतं. नऊ हजार पगार, त्यात कॉट बेसिसवर खोली, मेस, मोबाईल, हातात काय राहणार? मी बायकोला म्हटलं, "बघ, बरंच झालं. ह्यो गेला असता तर ह्योबी असाच आला असता." ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आला असता न्हाईतर न्हाई. त्यो जाऊन आला असता." दुसरं पोरगं टिकलं. टाळेबंदी उठल्यावर परत गेलं आणि पुढं त्यानं घरावर स्लॅब टाकला. आमच्या गड्याचं पोरगं या दोघांपैकी कोण झालं असतं, याचा विचार मी रात्री-रात्री केलाय. ते कळलं तरी काय उपयोग, हे आता कळतंय. चोरलेल्या बियाण्याचं पीक करपलं असतं, म्हणून चोरी माफ होत नाही.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला स्टार्टर जळाला. लाईटबिलावरचा ग्राहक नंबर पाहिजे होता आणि माझा चष्मा घरात राहिलेला. मी पिशवी त्याच्यापुढं टाकली आणि म्हटलं, बघ रे जरा. तो एकेक कागद काढत गेला. तो कागद हातात आला. उघडला, वाचला. मला लांबूनच रंगावरनं कळलं. पिशवी ओढून घ्यावी असं वाटलं, पण हात उठला नाही.

"तात्या," तो म्हणाला, "ह्येची तारीख गेली की."

मी गप्प.

"आमच्या आबाला दिल्ता का ह्यो?"

मी म्हटलं, "ऱ्हायला माझ्याजवळच." नंतर मला माझ्याच शब्दाची लाज वाटली. ऱ्हायला. जणू कागदाला पाय होते आणि तो आपणहून थांबला. ठेवला असं म्हणायची ताकद झाली नाही.

त्यानं कागद होता तसा घडी घालून पिशवीत ठेवला. ग्राहक नंबर शोधला, मला वाचून दाखवला. स्टार्टर दुरुस्त केला, मोटर चालू करून दिली आणि गेला. चिडला असता, बोलला असता तर मीही काही बोललो असतो. त्यानं मला ती सोय दिली नाही.

महिन्याभरानं तो कामावर यायचा बंद झाला. म्हणजे पळून गेला नाही. सांगून गेला, की जेसीबीवर हेल्पर म्हणून जातोय. दोन वर्षं त्यानं ऑपरेटरच्या हाताखाली काढली. ग्रीस भरायचं, डिझेल आणायचं, रात्री मशीनखालीच झोपायचं. गलाईतल्या पोराचं जसं असतं तसंच, फक्त याचा मामा नव्हता. आता तो स्वतः मशीन चालवतो. त्यातही गंमत बघा, हमीच्या कामावर माणसाचं काम खाणारी यंत्रं लावायची नाहीत असा नियम आहे. आईनं डोक्यावरनं वाहिली तेवढी माती हा पोरगा एका तासात उचलतो, आणि त्याच्या घरात पहिल्यांदा पगार आला तो त्यातनंच. चांगलं कशाला म्हणायचं, मला ठरवता येत नाही.

गावातली चार माणसं मला म्हणतात, तुमच्याकडं शिकलं म्हणून झालं त्याचं. मी एकदा घरात तेच बोलून बघितलं. बायको म्हणाली, "झालं त्ये त्याच्या जिवावर. तुमी मधी येऊ नगासा." खरं आहे. तो माझ्यामुळं घडला नाही. मी आडवा पडलेला असताना घडला.

गेल्या शिमग्याच्या आधी तो आला. बापाला बरोबर आणलं होतं. ओट्यावर बसला, खिशातनं नोटा काढल्या आणि माझ्यापुढं मोजल्या. उचलीतले राहिलेले तेवढे, बावीस हजार. मी म्हटलं, "अरे, पाच हजार ऱ्हाऊ दे. आबानं लई वर्षं केलंय माझ्याकडं." बाप माझ्याकडं बघून हसला, त्याचा हात नोटांकडं गेला. पोरानं बापाचा हात हळूच धरला. "नगं तात्या. सगळं घ्या. डायरीत रेघ मारा."

मी डायरी आणली. त्या पानावर रेघ मारली. त्यानं वाकून बघितली.

मग त्याच ओट्यावर बसून मी जे चार वर्षांत बोललो नव्हतो ते बोललो. कागद तालुक्याला कधी मिळाला, तोडणी कधी होती, सगळं. बापाला यातलं काहीच माहीत नव्हतं असं दिसलं. तो म्हणाला, "व्हतंय तात्या, ध्यानात ऱ्हात न्हाई माणसाच्या." मी म्हटलं, "ध्यानात होतं." त्यावर तो पुढं काही बोलला नाही. बायकोनं चहा आणला. पोरानं चहा घेतला, कप धुऊन पालथा घातला, जसा लहानपणापासून घालायचा तसा.

उठताना म्हणाला, "तात्या, खालच्या अंगाचा बांध फुटलाय तुमचा. पावसाच्या आदी घालायचा असला तर सांगा. तासाचा दर सगळ्यास्नी हाय त्योच."

वैशाखात मी त्याला फोन केला. आला, साडेतीन तासांत बांध घालून दिला. मी साडेतीन तासांचे पैसे दिले आणि त्यानं मोजून घेतले.